दारातला मुरूम

१३ जानेवारी २०२५, सोमवार

काल घडलं ते असं:

१. दुपारी सव्वातीन ते चार मावठ्याचा पाऊस झाला.
२. गल्ली क्रमांक तीनची नवी नाली कमलाकाकूंच्या दारापर्यंत नीट वाहिली. तिथून पुढे गेली नाही.
३. तुंबलेलं पाणी त्यांच्या मोरीच्या पाइपातून उलटं आत आलं. मोरीतून स्वयंपाकघरात.
४. स्वयंपाकघरात चार बोटं पाणी होतं. मी मोजलं नाही. काकूंनी बोटं दाखवली.
५. खाली ठेवलेले दोन डबे पापड आणि एक टोपलं कुरडया भिजल्या. त्या गल्लीतल्या बायांनी मिळून रूपालीच्या लग्नासाठी केल्या होत्या. रूपाली काकूंची मुलगी. लग्न २३ फेब्रुवारीला, त्याच घरच्या अंगणात.
६. बाकी आठ घरांत पाणी शिरलं नाही.
७. नालीची लेव्हल मी दिली होती. चूक कुठे झाली ते मला माहीत नाही.

ही वही साइटवर वापरायची म्हणून आणली होती. रोज लिहिणार नाही. काही घडलं तर लिहीन.

१४ जानेवारी

संक्रांत. मी घरातच राहिले.

पार्श्वभूमी लिहून ठेवते, म्हणजे नंतर विचार करताना अडचण नको. सरस्वती नगर बालाघाट शहराच्या अगदी टोकाला आहे. आमच्या गल्लीत नऊ घरं. पक्की नाली मंजूर होण्याची वाट पाहून लोक कंटाळले आणि नोव्हेंबरात सगळ्यांनी ठरवलं की आपणच बांधायची. महागूभाऊ मिस्त्री शेजारच्या गल्लीतले. मी लामत्याकडच्या रस्त्यांचं सर्व्हेचं काम करते, त्यामुळे लेव्हल मशीन माझ्याकडे असतं. "आपली इंजिनियर बाई हाये न, मंग कायची काळजी," असं पटल्यांचे वीरेंद्रभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले होते. तेव्हा ते मला आवडलं होतं, हे नोंदवून ठेवते.

संध्याकाळी कमलाकाकू तिळगूळ घेऊन आल्या. मी म्हणाले, "काकू, चूक माझी आहे."

"घे पयले," त्या म्हणाल्या. "गोड बोलनं तुले जमत नाई, मले ठाऊक हाये. नाली सरळ कर म्हंजे झालं."

१६ जानेवारी

चूक सापडली.

लेव्हल घ्यायची तर एक न हलणारी खूण लागते. सगळी उंची तिच्यापासून मोजायची. नोव्हेंबरात मी हनुमान मंदिराच्या पहिल्या पायरीवर लाल रंगाचा त्रिकोण काढला होता. नालीचा वरचा अर्धा भाग त्यावरून बांधला. मग धानकापणी आली, महागूभाऊ खैरलांजीला गावी गेले, काम थांबलं. खालचा अर्धा भाग डिसेंबरअखेर झाला, त्याच त्रिकोणावरून.

आज मी पायरीची उंची मंदिराच्या पायथ्याच्या कट्ट्यापासून मोजली. ती नोव्हेंबरपेक्षा साडेचार सेंटिमीटर जास्त भरली. मध्ये दत्तजयंतीला वीरेंद्रभाऊंनी आईच्या नावाची काळी फरशी पायरीवर बसवून घेतली होती. पण लाल त्रिकोण फरशीच्या वर होता. कडा स्वच्छ, कोन बरोबर.

महागूभाऊंना बोलावलं. "ही खूण इथे कशी आली?"

"मीच काढली न ताई!" ते खूश होऊन म्हणाले. "फरशी लावताना तुमची खूण खाली दबून राह्यली होती. म्हटलं, ताईची मेहनत वाया जाईन. मंग वीरेंद्रभाऊच्या घरून लाल पेंट आनला अन् अगदी तशीच वर उतरवली. जमली नाई का?"

"त्रिकोण बरोबर जमलाय," मी म्हणाले.

खालची नाली साडेचार सेंटिमीटर उंच झाली आहे. पाणी तिथे चढू शकत नाही. काकूंची मोरी नेमकी त्या जोडावर आहे.

महागूभाऊंची चूक नाही. थांबलेलं काम पुन्हा सुरू करण्याआधी खूण तपासायची असते, आणि खुणा दोन ठेवायच्या असतात. हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. गल्ली माझीच आहे म्हणून मी तपासलं नाही. परक्या गावात तपासलं असतं.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी मंदिरासमोर सगळ्यांना सांगितलं. कागदावर आकृती काढून नेली होती. महागूभाऊंचं नाव घेतलं नाही, पण ते स्वतःच उभे राहिले आणि कान धरले. मी त्यांना बसायला सांगितलं.

वीरेंद्रभाऊ कागद उलटसुलट करून पाहत होते. "म्हंजे माह्या मायच्या पायरीनं काकूच्या घरात पानी घातलं?"

मग कमलाकाकू म्हणाल्या, "तुही माय जित्ती होती तवाबी माह्याच दारात पानी फेके."

सगळे हसले. वीरेंद्रभाऊ सर्वांत जास्त. अशा प्रसंगी हसावं का, हे मला ठरवता आलं नाही. मी कागदाची घडी घालत राहिले.

शेवटी काकू गंभीर झाल्या. "पाह्य वल्लरी. हे घर रूपालीच्या बापानं उकव्याच्या खाणीत राबून बांधलं. तो गेला, पन घर हाये. या घरातून एक तरी लगन निंगालं पायजे. पन पाव्हन्यायले मी चिखलात उभं करनार नाई. दहा तारखेपर्यंत वाट पाहीन. नाई जमलं तं खैरलांजीले भावाच्या घरून लगन लावीन. भाऊ तं हौच म्हणून राह्यला."

मी म्हणाले, "नाली गुरुवारपर्यंत होईल."

मला "सगळं नीट होईल" असं म्हणायचं होतं. ते सिद्ध करता येत नव्हतं, म्हणून म्हणाले नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

नाली झाली. महागूभाऊ आणि वीरेंद्रभाऊंनी खालचा तळ फोडून पुन्हा घातला. खुणा आता दोन आहेत. एक नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याला, दुसरी विजेच्या खांबाच्या चौथऱ्यावर. दोन्हींवर मी "हलवू नये" असं लिहिलं आहे. महागूभाऊंनी ते दोनदा वाचलं.

वर सहा ड्रम पाणी ओतलं. चार मिनिटांत नाल्यात पोचलं. मोरी कोरडी.

काकूंनी अंगणाकडे बोट दाखवलं. "अन् हे?"

अंगणात कोपऱ्यात अजून चिखल आहे. ते पाणी नालीचं नाही. गल्लीतून, फाटकातून आलेलं आहे. गेली कित्येक वर्षं येतं, असं काकू म्हणाल्या. "तुले काय सांगाव म्हटलं. तू मोठ्या रस्त्यायचं काम करते."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर पूर्ण गल्लीची लेव्हल घेतली. पट्टी धरायला माणूस नव्हता, म्हणून आई आली. तिने साडीचा पदर खोचला आणि प्रत्येक दारासमोर पट्टी उभी धरली. मी आकडा म्हणायचे, ती कारण सांगायची.

"पटल्यांचं दार. एकतीस सेंटिमीटर."

"दोन मुलं, एक मुलगी. शेवटचं सुनेचं, रीनाचं, मागच्या वर्षी."

"त्यांच्या शेजारी, बारा."

"एकच मुलगी. तिला आता दोन लेकरं आहेत."

"सहा."

"त्यांच्याकडे घाईत झालं. एकच ट्रॉली आली होती."

आमच्याकडे लग्न ठरलं की मांडवाआधी दारासमोर मुरूम पडतो. पाहुण्यांच्या पायाला चिखल लागू नये म्हणून. लग्नानंतर तो कोणी उचलत नाही. दारातला लग्नाचा मुरूम उपसणं म्हणजे मुलीचा संसार उपसणं, असं मानतात. त्यामुळे तो दबत जातो आणि पुढच्या लग्नाला वर नवा पडतो. अठरा वर्षांत आमची गल्ली लग्नालग्नाने वर आली आहे. एका लग्नाला सरासरी अकरा सेंटिमीटर.

फक्त काकूंच्या दारात काही नाही, कारण त्या घरात लग्न झालेलं नाही. गल्लीचं सगळं पाणी तिथे उतरतं.

एक आकडा सरासरीत बसत नाही. आमचं दार: चोवीस सेंटिमीटर, लग्नं शून्य. तो मुरूम बाबांनी एप्रिल २०२३ मध्ये माझ्या लग्नासाठी टाकला होता, दोन ट्रॉली. लग्न तीस एप्रिलला होतं. झालं नाही. पण दोन ट्रॉलींचे चोवीस होत नाहीत.

आईने आमच्या दारात पट्टी धरली तेव्हा काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

२८ जानेवारी

कमलाकाकू म्हणतात त्याही दोन ट्रॉली मुरूम आणणार. "समद्यायच्या दारात पडला, माह्याच दारात काहून नाई?"

त्यांचा हक्क आहे. पण त्यांनी दारात मुरूम टाकला तर गल्लीचं पाणी पुढे जाणार नाही, दोन्ही बाजूंना अडेल आणि अंगण होतं तसंच खोल राहील. उपाय एकच: आठही दारांसमोरचे उंचवटे खाली आणायचे.

चार घरांत जाऊन सांगितलं. आकृती दाखवली. चारही ठिकाणी चहा मिळाला, होकार मिळाला नाही. पटल्यांच्या पुष्पलताकाकू म्हणाल्या, "वल्लरी, तू शिकली-सवरली हायेस, तुले हे नाई समजनार. माह्या रीनाले अजून वर्ष नाई झालं. तिचा मुरूम उपसू मी?"

"उपसायचा नाही, समतल करायचा आहे."

"एकच गोष्ट झाली न माय."

१ फेब्रुवारी

आणखी तीन घरं. चहा तीन. होकार शून्य.

२ फेब्रुवारी, रविवार

काकूंकडे भिजले तेवढे पापड पुन्हा लाटायचे म्हणून सगळ्या बायका दुपारपासूनच जमल्या होत्या. मी अंगणाचं माप घ्यायला गेले होते. रूपालीने माझ्या हातातला टेप काढून घेतला आणि लाटणं दिलं. ती इथल्याच दवाखान्यात नर्स आहे, नकार ऐकून घेत नाही.

माझे पापड गोल होत नव्हते. पटल्यांची सून रीना शेजारी बसली होती. ती सिवनीची, हिंदीच बोलते. "दीदी, कंपास मँगवाऊँ क्या?"

मुरमाचा विषय मी काढला नाही. पुष्पलताकाकूंनी काढला. "ही पोरगी घरोघरी जाऊन म्हणते लग्नाचा मुरूम काढा. आता तूच सांग कमले."

रीनाने लाटणं थांबवलं. "कौन सा मुरूम? वो गेट के सामनेवाला? वो मेरी शादी का है?"

"हौ मंग!"

"माँजी, मेरी स्कूटी रोज उसी पे फिसलती है. रोज आप पूछती हो गिर कैसे गई."

बायका हसू लागल्या. पुष्पलताकाकू म्हणाल्या, "हस, हस. घरच्या लक्ष्मीचा मुरूम असा फेकत नाई."

"फेकना किसको है? रूपाली दीदी के आँगन में डाल दो. उधर भी तो शादी ही है. शादी का मुरूम शादी में गया."

मी मनात गुणाकार केला. अंगण बावन्न चौरस मीटर, सरासरी वीस सेंटिमीटर खोल. दहा घनमीटरच्या थोडं वर. आकडा जमत होता. गल्लीतून निघेल तो मुरूम आणि अंगणाला लागेल तो, जवळजवळ सारखा. मी पाच दिवस उंचवटे काढायचंच बोलत होते. काढलेला मुरूम कुठे जाईल याचा विचार मी केलाच नव्हता.

कमलाकाकूंचे हात पिठात होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उपसनं नोहे हे पुष्पे. हे आंदण हाये. माह्या लेकीले आठ घरायचं आंदण."

पुष्पलताकाकू बराच वेळ पापड उलटत राहिल्या. "आंदण असन तं असं फावड्यानं भरून नाई द्यायचं," त्या शेवटी म्हणाल्या. "पयल्या टोपल्यात हळदकुंकू टाकाव लागन. अन् घरच्या मानसानं भरून द्याव लागन, मजुरानं नाई."

"टाकू न," काकू म्हणाल्या. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, पदरालाही पीठ होतं, आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

मी जे सात घरांत मागत होते तेच त्यांनी दहा मिनिटांत ठरवलं. फरक काय होता ते मला नीट मांडता येत नाही.

मी लाटलेले पापड काकूंनी बाकीच्यांत मिसळले नाहीत. वेगळ्या डब्यात घालून सर्वांत वरच्या फळीवर ठेवले. वाढण्यासारखे नसावेत.

३ फेब्रुवारी

सातही घरांनी हो म्हटलं. काम रविवारी, ९ तारखेला, सकाळी सातला. दहा तारखेच्या आत. वीरेंद्रभाऊ ट्रॅक्टर देणार आहेत. "लेव्हल कोनत्या खुणेवरून घेशीन बाई? पायरीवरून घेत असशीन तं सांग, अजून एक फरशी लावून देतो."

मी म्हणाले, "पुलावरून." मग म्हणाले, "पुलावर फरशी लावू नका." ते इतके हसले की घरातून रीना बाहेर आली.

सात दारांचा मुरूम साधारण नऊ घनमीटर. अंगणाला त्यात जवळजवळ दीड कमी पडतो. आमच्या दारातला दीड. पण प्रश्न फक्त भरीचा नाही. आमचं घर उताराकडे, काकूंच्या लगेच पुढे आहे. आमचा उंचवटा राहिला तर सात दारं खाली आणूनही पाणी काकूंच्या फाटकातच अडेल.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. गल्लीच्या कल्पनेचं कौतुक केलं. मग म्हणाले, "आपल्या दाराला हात लावायचा नाही," आणि हात धुवायला उठले.

भांडी घासताना आईला विचारलं, चोवीस सेंटिमीटर कसे झाले.

"मागच्या एप्रिलात एक ट्रॉली टाकली त्यांनी. दिवाळीनंतर परत थोडा." तिने नळ बंद केला. "म्हणतात, तारीख अचानक येईल, ऐनवेळी मुरूम मिळत नाही."

"तू त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू मला तरी कुठे काही सांगितलंस?"

बाबांनी दोन वर्षांत त्या विषयावर माझ्याशी एक शब्द काढलेला नाही. मला वाटत होतं त्यांना विसर पडला आहे. ते सोयीचं होतं.

आज मुरमाचा कडेचा भाग टॉर्चने पाहिला. तीन थर स्पष्ट दिसतात. खालचा गडद, मधला तांबडा, वरचा अजून सुटा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पुन्हा विचारलं. बाबा पेपर वाचत होते. ते शिक्षण विभागात हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. "काय म्हणणं असेल ते लेखी दे," ते म्हणाले. रागाने नाही. त्यांना तोंडी काही ऐकणं अवघड जात असेल तेव्हा ते असंच म्हणतात. मलाही तोंडी सांगणं जमलं नसतं.

दुपारी ऑफिसात तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं. प्रत इथे ठेवते. मूळ कागद त्यांच्या चष्म्याखाली ठेवला आहे.

श्री. गुणाकर यांस,
विषय: दारासमोरचा मुरूम उचलण्यास परवानगी मिळण्याबाबत.

बाबा,

आपलं दार खाली आणलं नाही तर काकूंच्या अंगणात पाणी येत राहील आणि रूपालीचं लग्न खैरलांजीहून होईल. आकडे सोबत जोडले आहेत. ते तपासले आहेत, या वेळी दोन खुणांवरून.

आकड्यांनी तुमचा नकार बदलणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून पुढचं लिहिते.

१८ एप्रिल २०२३ रोजी मुलाकडच्यांचा फोन आला की लग्न पुढे ढकलू, नवी तारीख कळवतो. मी त्या तारखेची दिवाळीपर्यंत वाट पाहिली. नंतरही काही महिने पाहिली. मग पाहणं थांबवलं. ते मी कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, न बोलल्याने तुम्हाला त्रास कमी होईल. तुम्हीही बहुतेक माझ्यासाठी तसंच ठरवलं. तुम्ही भर टाकत राहिलात आणि मी रोज त्यावरून गाडी नेत राहिले. ही चूक माझी आहे, कारण माहिती माझ्याकडे होती.

तारीख येणार नाही. आली तरी मला नको आहे. मी दुःखात नाही. पूर्वी होते.

माझं लग्न होईल की नाही ते मला माहीत नाही. ठरलं तर मुरूम मिळेल. नाही ठरलं तरी या दारातून मी रोज जाते-येते, आणि ते गल्लीच्या लेव्हलला असलेलं मला आवडेल.

तुम्ही दोन वर्षं ज्यासाठी तो जपला, ते काम त्याला मिळतं आहे. फक्त मुलगी शेजारची आहे. पहिल्या टोपल्यात आई हळदकुंकू टाकेल. ते टोपलं घरच्या माणसाने भरायचं असतं. ते तुम्ही भरावं अशी माझी इच्छा आहे. ही अट नाही.

काम रविवारी सकाळी सातला सुरू होईल. तुमचं उत्तर, हो किंवा नाही, मला शनिवार, ८ फेब्रुवारी, संध्याकाळपर्यंत द्यावं.

वल्लरी